परदेशी असताना घराला वादळाचा तडाखा बसला तर
दूरवर बसून जीव कासावीस होतो, तरी आधी शेजाऱ्यांची खुशाली विचारावी आणि घरात पाणी शिरले असल्यास मुख्य वीजपुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याखेरीज कोणालाही आत पाठवू नये. मग विश्वासू माणसाला व्हिडिओ कॉलवर खोलीखोलीतून फिरायला सांगून छतावरून उतरलेले ओघळ, भिंतीवरची पाण्याची रेघ, फुगून चौकटीत अडकलेले दार, असे सारे आवराआवरीपूर्वीच तारखेसह टिपून घ्यावे. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. पाहणीपूर्वी खराब सामान फेकू नये. मात्र ओल्या वस्तूंना 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते, म्हणून गाद्या बाहेर काढाव्यात, वारा शमल्यावर छतावर ताडपत्री घालून घ्यावी आणि या खर्चाच्या पावत्या जपाव्यात. आपल्या वतीने सह्या करण्यासाठी मुखत्यारपत्र लागू शकते. ते परदेशी जाण्यापूर्वीच करून ठेवलेले बरे.