शोधनिबंध पाठवण्याआधीची झाडाझडती

सुरुवात लेखकांच्या नावांपासून करावी, आणि तीही निबंध पूर्ण झाल्यावर नव्हे, तर कामाला हात घालतानाच. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपणासाठी घातलेल्या चार अटी कला आणि वाणिज्य शाखांनाही लागू पडण्यासारख्या आहेत: संशोधनाच्या आखणीत, सामग्री गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि मजकुराची जबाबदारी घेण्याची तयारी. लेखक म्हणून नाव येणाऱ्या प्रत्येकाने या चारही अटी पूर्ण करायच्या असतात. रावेर-यावल भागात केळीवरील करपा रोगाचा अभ्यास करताना ज्या शेतकऱ्याने बाग दाखवली त्याचे नाव ऋणनिर्देशात येईल. ज्या सहकाऱ्याने आकडेवारी तपासून निष्कर्षांचा भाग लिहिला आणि पुढच्या दोन अटीही पाळल्या, त्याचे नाव लेखकांत येईल. 'पदोन्नतीचे बघा, तेवढे एक नाव घाला' ही विनंती विभागप्रमुखांकडून आली तरी नम्रपणे नाकारावी. कोण काय करणार हे पहिल्याच बैठकीत अर्ध्या पानावर लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या, तर हा अवघड प्रसंग बहुधा येतच नाही.

माणसांकडून माहिती घ्यायची असेल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी घ्यावी. संपादक तिचा क्रमांक आणि दिनांक विचारतात आणि मागाहून घेतलेली मंजुरी तिथेच उघडी पडते. धडगाव-अक्कलकुवा भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासंबंधी मुलाखती घेताना केवळ नाव गाळून भागत नाही, कारण लहानशा पाड्याचे नाव, वय आणि कूळ एकत्र छापले की माणूस ओळखता येतो. संमतिपत्र पावरी किंवा भिली बोलणाऱ्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवावे. अहिराणी ओव्या गोळा करताना मात्र प्रश्न उलटा असतो: सांगणाऱ्या आजींना आपले नाव छापून हवे असते आणि आपण ते 'एक माहितीदार' या शब्दांखाली पुरतो. त्यांना विचारावे आणि त्या सांगतील तसे करावे.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे विनियम १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड करत नाहीत, म्हणून १० टक्के उचलण्याची मुभा आहे असा गैरसमज सर्रास आढळतो. निबंध तपासणारे सॉफ्टवेअर फक्त शब्दांचे साम्य मोजते. चोरी झाली की नाही हे माणसालाच ठरवावे लागते. इंग्रजी लेखाचा परिच्छेद मराठीत आणून आपला म्हणून दिला, तर बहुतेकदा सॉफ्टवेअरच्या अहवालात काहीच दिसत नाही, तरी ते चौर्यच असते. एकदा समीक्षेसाठी आलेल्या निबंधात 'तक्ता ३ वरून स्पष्ट होते' असे वाक्य मला दिसले. निबंधात तक्ते दोनच होते. तिसरा तक्ता ज्या इंग्रजी लेखात होता तो शोधायला दहा मिनिटेही लागली नाहीत. यावर साधा उपाय असा, की मूळ लेख वाचून मिटून ठेवावा, आपल्या शब्दांत लिहावे, मग तो पुन्हा उघडून ताडून पाहावे आणि संदर्भ त्याच क्षणी नोंदवावा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील कागद स्वतः न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतला असेल, तर तळटीपेत मूळ कागद आणि ते पुस्तक दोन्ही नोंदवावे. स्वतःच्याच प्रबंधातील प्रकरण निबंध म्हणून देत असल्यास संपादकांना तसे आधी कळवावे, आणि एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये.

नियतकालिकाची निवड हल्ली अधिक जोखमीची झाली आहे, कारण आयोगाने मान्य नियतकालिकांची 'यूजीसी-केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर आली. 'पाच दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत' असे संदेश व्हॉट्सॲपवर येतात, त्यांत आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ठळक छापलेला असतो. हा क्रमांक ही केवळ ओळख आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय आयएसएसएन केंद्राकडून विनाशुल्क मिळतो. मागील दोन अंक उघडून प्रत्यक्ष वाचावेत. केळीची निर्यात, तुकोबांची भक्ती आणि पोलादाचे वेल्डिंग शेजारी शेजारी असतील, तर या तिन्हींची समीक्षा कोणी केली असेल, हे स्वतःला विचारावे. संपादक मंडळातील एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या ई-मेलवर लिहून ते खरोखरच मंडळावर आहेत का, हे विचारायला संकोच करू नये. काहींना आपले नाव तिथे आहे याचा पत्ताच नसतो. नामांकित नियतकालिकाची हुबेहूब नकली संकेतस्थळेही असतात, म्हणून पत्ता संदेशातील दुव्यावरून न घेता स्वतंत्रपणे शोधावा.

छापून आल्यावर स्वतःची चूक लक्षात आली, तर संपादकांना फोनवर सांगून थांबू नये. आधी सर्व सहलेखकांना कळवावे, मग पृष्ठ व ओळ, छापलेला मजकूर, योग्य मजकूर आणि निष्कर्षावर होणारा परिणाम एवढे लिहून लेखी पत्र द्यावे. निष्कर्षच बदलत असेल, तर दुरुस्तीऐवजी निबंध मागे घेण्याची विनंती त्याच पत्रात करावी.