दुसऱ्यांदा दिवस गेलेत, पहिलं अजून कडेवर: काळजीची वाटणी कशी करायची

पहिल्या खेपेला मी शिंकले तरी घरात चौघं विचारायचे. दुसऱ्या खेपेला पाचवा महिना लागला, तेव्हा सासूबाईंचा सकाळचा पहिला प्रश्न असायचा, "पोट्टं जेवलं का?" त्यांचं काही चुकत नव्हतं, मलाही आधी तेच सुचायचं. गोम इथंच आहे. दिवसभर पोरामागे धावताना "आपल्याला अनुभव आहे" म्हणून तपासण्या पुढे ढकलल्या जातात आणि रात्री ते झोपलं की सगळ्या शंका एकदम अंगावर येतात. मला उपयोगी पडलेली रीत सांगते. औषधगोळ्यांचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी जुनी फाइल शोधा

कपाटाच्या तळाशी असेल. पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, रक्तगट, तेव्हाचं बीपी, साखर, हिमोग्लोबिन आणि सिझर झालं असेल तर त्याचं कारण, हे सगळं पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा. दुसऱ्या वेळी ही कागदं जास्त बोलतात. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि पहिल्या बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर तुमच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालीत का, हे इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणीत कळतं. नसतील तर पुढेही ती तयार होऊ नयेत म्हणून साधारण २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात आणि नवं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत पुन्हा. आधी सिझर झालं असेल तर वार (प्लासेंटा) कुठे आहे, जुन्या टाक्यांवर तर नाही ना, हे सोनोग्राफीच्या वेळी विचारा. धनुर्वाताची लस मागच्या तीन वर्षांत पूर्ण झाली असेल तर यावेळी बहुधा एकच डोस पुरतो.

आणि आपण विदर्भातले. इथं सिकलसेल आहे, आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. पहिल्या वेळी तुमची किंवा नवऱ्याची तपासणी राहिली असेल तर आता करून घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल ठणठणीत आहे म्हणून दुसऱ्याची खात्री नाही.

मग शंकांचे तीन ढीग करा

एक वही ठेवा. शंका आली की एका ओळीत लिहा आणि तिला ढीग द्या.

पहिला ढीग "आत्ता". अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर एकाएकी सूज, झटके, ताप, धाप, सिझरच्या टाक्यांवर दुखणं, २८ आठवड्यांनंतर बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं काहीही दिसलं तर पोर झोपायची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. ही यादी फ्रिजवर चिकटवा, म्हणजे नवऱ्यालाही पाठ होईल.

दुसरा "पुढच्या भेटीत": जळजळ, कंबरदुखी, पायांत गोळे, अंगावर पाजायचं चालू ठेवू का. (बहुतेकींना चालतं, पण आधी मुदतीपूर्व बाळंतपण झालं असेल तर आधी विचारा.) सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी असते. नागपुरात गांधीबागेतल्या डागा रुग्णालयात जाणार असाल तर पोराला घरी सोडा, तिथली रांग त्याच्या संयमाबाहेरची असते.

तिसरा ढीग डॉक्टरांचा नाहीच, घराचा आहे: आंघोळ कोण घालणार, अंगणवाडीत कोण सोडणार. निम्म्या काळज्या या ढिगात निघतात आणि त्या नवऱ्याला वाचून दाखवाव्यात.

पोराचं उष्टं सोडा

हे मला सगळ्यात जड गेलं. ताटातला उरलेला वरणभात आईच संपवते. पण लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू पसरतो, तो गर्भापर्यंत जाऊ शकतो. उष्टं नको, चमचा वेगळा, लंगोट बदलल्यावर साबणानं हात, पापा ओठांऐवजी कपाळाचा. लोहाच्या गोळ्या वरच्या फळीवर ठेवा. त्या पोरानं गिळल्या तर त्याच्या जिवावर बेततं. आणि तुम्ही त्या चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

डॉक्टरांनी मना केलं नसेल तर पोराला उचलायला हरकत नाही, फक्त वाकून नको, गुडघे मोडून. त्याहून बरं म्हणजे आपण खाली बसावं आणि त्यानं मांडीवर चढावं.

नवतपा आणि कूलर

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारी अकरा ते चार बाहेर पडू नका, पाण्याची बाटली पोराच्या आणि तुमच्या नावाची वेगळी ठेवा. लघवी गडद झाली की समजा, पाणी कमी पडतंय. पावसाळा लागला की कूलरची टाकी कोरडी करून घासा, डेंग्यूचे डास त्याच साठल्या पाण्यात होतात.

रात्रीची रंगीत तालीम

कळा रात्री दोनला आल्या तर पोर कोणाकडे? शेजारच्या काकूंना आधी विचारून ठेवा, त्यांच्याकडे एक किल्ली द्या, पोराचे दोन जोड कपडे आणि आवडतं पांघरूण पिशवीत भरा. रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर बाईसाठी १०२. काळजीनं झोपच उडाली असेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालू असतो.

सातव्या महिन्यात एकदा पोराला तिकडे झोपवून बघा. आमची पहिली तालीम रात्री साडेअकराला फसली, नवरा त्याला खांद्यावर घेऊन परत आला. दुसऱ्या वेळी सकाळी मी आणायला गेले तर गडी काकूंच्या ओट्यापाशी बसून पोहे खात होता, आणि तर्री का देत नाही म्हणून माझ्याकडेच तक्रार करत होता.