गॅमा की अल्फा: फुफ्फुसाच्या पेशी किती सावरतात ते मोजायचं कसं

लॅबमध्ये नवीन आलेली पोरं पेशींना गॅमा किंवा अल्फा किरणं दिल्यावर दुसऱ्याच दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतात आणि म्हणतात, "ताई, काहीच झालं नाही!" होणार कसं? पेशी तळाला चिकटून मजेत दिसतातच. बघायचं असतं ते हे की एकेक पेशी पुढे दुप्पट-चौपट होत कॉलनी, म्हणजे स्वतःच्या पिल्लांचा पुंजका, करते का. ही पद्धत पक आणि मार्कस या शास्त्रज्ञांनी १९५६ साली मांडली. मला आजही तिच्याइतका दुसऱ्या कशाचा भरवसा वाटत नाही.

पेशी ए५४९ घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून मिळतात. मात्र त्या फुफ्फुसाच्या कर्करोगातून आलेल्या आहेत. निष्कर्ष लिहिताना त्यांना निरोगी फुफ्फुस समजू नका.

ट्रिप्सिनने (चिकटलेल्या पेशी तळापासून सुटवणारं विकर) सोडवल्यावर पिपेटने वर-खाली करून गुठळ्या नीट फोडा. चिकटलेल्या दोन पेशींची मिळून एकच कॉलनी होते आणि सगळं गणित बिघडतं. कंट्रोलला, म्हणजे किरणं न दिलेल्या प्लेटला, २०० पेशी पुरतात, ६ ग्रेला (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) २००० तरी टाका. समजा, दोन्हीकडे १२० कॉलन्या आल्या. कंट्रोलमध्ये ६० टक्के उगवल्या, म्हणजे २००० पैकी एरवी १२०० उगवल्या असत्या. आल्या १२०, म्हणून तगल्या १० टक्के.

गॅमासाठी कोबाल्ट-६० चं चेंबर असेल तर यंत्रावर चिकटवलेला डोस-रेट (ठरावीक वेळात किती डोस बसतो तो आकडा) तसाच उचलू नका. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का घट. त्या दिवसाचा आकडा काढा. कंट्रोलची प्लेटही चेंबरपर्यंत नेऊन आणा, तेवढाच वेळ बाहेर ठेवा.

अल्फाची तऱ्हा वेगळी. अमेरिसियम-२४१ चे कण पाण्यात मिलिमीटरचा दशांशही नाही, जेमतेम काही दशक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जातात. प्लास्टिकच्या तळातून ते येतच नाहीत. म्हणून पेशी मायलर नावाच्या प्लास्टिकच्या अगदी पातळ पडद्यावर वाढवा आणि स्रोत खालून लावा. अर्थात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याच्या परवानगीनेच.

खरी गंमत डोस विभागण्यात आहे. एका संचाला ६ ग्रे एकदम द्या, दुसऱ्याला ३ आणि ३. मध्ये चार-सहा तास ३७ अंशांवर ठेवा. गॅमात दुसऱ्या संचात जास्त कॉलन्या येतात, कारण मधल्या वेळात पेशींनी डीएनए सांधलेला असतो. अल्फाला आधीच कमी डोस पुरतो, तोही असाच विभागून बघा: फरक जवळपास दिसत नाही. त्याचे घाव इतके जवळजवळ पडतात की सांधणं जमत नाही, किंवा चुकीची टोकं जुळतात. डोस आणि तगलेल्या पेशी यांच्या आलेखातही गॅमाच्या रेषेला सुरुवातीला खांदा, म्हणजे आधी हळू उतरणारा बाक, दिसतो, अल्फाची रेषा सरळ खाली उतरते.

दहा ते चौदा दिवस प्लेटी हलवू नका. मग क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा आणि किमान ५० पेशींची तीच कॉलनी धरा. मोजणाऱ्याला कुठली प्लेट कुठल्या डोसची हे सांगू नका. झाकणावरचा आकडा दिसला की ४७ चीही कॉलनी होते.