सोलरक्लाउडमध्ये कमिटचे वेळापत्रक कसे लावावे

महापे येथील आमच्या कार्यालयात वाशी बाजारातील मालाच्या नोंदींचा शोध अपाची सोलर या शोधप्रणालीवर चालतो, तोही सोलरक्लाउड पद्धतीने, म्हणजे अनेक सर्व्हरांवर वाटून. ‘हापूस’ शोधल्यावर एकदा 41 आणि पान पुन्हा उघडल्यावर 40 नोंदी दिसू लागल्या, तेव्हा आम्ही प्रत्येक नोंदीमागे अ‍ॅप्लिकेशनमधून कमिट, म्हणजे नव्या नोंदी पक्क्या करून शोधात आणण्याचा आदेश, पाठवू लागलो. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला.

कारण असे, की तुम्ही कोणत्याही एका नोडला (सर्व्हरला) कमिट पाठवला, तरी तो त्या कलेक्शनच्या (नोंदींच्या संचाच्या) सर्व शार्डांच्या (तुकड्यांच्या) सर्व रेप्लिकांपर्यंत (प्रतींपर्यंत) पोहोचवला जातो, आणि प्रत्येक ठिकाणी नवा सर्चर (ज्यातून शोध चालतो ते नोंदींचे ताजे दृश्य) उघडून जुने कॅश (साठवून ठेवलेली उत्तरे) टाकून द्यावे लागतात. म्हणून अ‍ॅप्लिकेशनमधील कमिट आधी काढून टाका. क्लायंट अनेक असतील आणि सर्वांचा कोड हाताशी नसेल, तर बाहेरून आलेले कमिट दुर्लक्षिणारा अपडेट प्रोसेसर (येणाऱ्या बदलांवर प्रक्रिया करणारा घटक) सोलरमध्येच आहे, तो अशा प्रोसेसरांच्या साखळीत जोडा.

मग सोलरकॉन्फिगमध्ये, म्हणजे सोलरच्या मांडणीच्या फाइलीत, आपोआप होणाऱ्या कमिटांच्या दोन मुदती ठरवा. हार्ड कमिट नोंदी डिस्कवर पक्क्या करतो आणि ट्रान्झॅक्शन लॉगची (आलेल्या बदलांच्या नोंदवहीची) नवी फाइल सुरू करतो. त्याची मुदत 15000 मिलिसेकंद ठेवून ‘ओपनसर्चर’ फॉल्स ठेवावे, म्हणजे या कमिटने नवा सर्चर उघडत नाही. हा कमिट फार लांबवल्यास लॉग फुगतो आणि नोड पुन्हा सुरू करताना तो सगळा वाचला जाईपर्यंत ताटकळावे लागते. नोंद शोधात दिसू लागते ती सॉफ्ट कमिटने. त्याची मुदत वापरकर्ता जितकी सोसेल तितकी मोठी ठेवावी. बाजाराच्या नोंदींना आम्हांला एक मिनिट पुरतो.

आता 41 आणि 40 यांचा उलगडा होतो. या आपोआप होणाऱ्या कमिटांचे घड्याळ प्रत्येक रेप्लिकेत स्वतंत्र चालते, आणि ते त्या रेप्लिकेत पहिली कमिट न झालेली नोंद पोहोचल्यापासून मोजू लागते. त्यामुळे एकीचा सर्चर उघडलेला असतो, दुसरीचा काही सेकंदांनी उघडतो, आणि तुमची विनंती कोणाकडे गेली त्यावर उत्तर ठरते. हा दोष नव्हे. लीडरलाही (शार्डच्या मुख्य रेप्लिकेलाही) यात वेगळा मान नाही.

खात्री करून घ्यायची असेल, तर नोंदी घालणे थांबवून सॉफ्ट कमिटची मुदत उलटू द्या आणि ‘डिस्ट्रिब’ फॉल्स ठेवून, म्हणजे प्रश्न इतरांकडे वाटला जाऊ न देता, प्रत्येक रेप्लिकेला थेट तोच प्रश्न विचारा. तरीही आकडे जुळले नाहीत, तर कमिटच्या मागे लागू नका. मागे पडलेली रेप्लिका रिकव्हरीत (लीडरशी पुन्हा जुळवून घेण्यात) अडकली आहे का, हे अ‍ॅडमिनच्या क्लाउड पानावर पाहा.