व्हिनेगरने स्वयंपाकघर चमकवताना या चुका टाळा

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराचा ओटा काळ्या कडप्प्याचा आहे. सासूबाईंनी तो वर्षानुवर्षं जपला. एका रात्री मी व्हिनेगरची बाटली त्यावर तशीच ठेवली, बुडाला दोन थेंब ओघळलेले होते. सकाळी बाटली उचलली तर खाली बांगडीएवढा राखाडी गोल. बोट फिरवलं तर तेवढीच जागा खरखरीत लागली. घासून काही फरक पडला नाही. खोबरेल लावलं की दोन दिवस काळा दिसायचा, मग परत वर यायचा. शेवटी पॉलिशवाल्याला बोलवावं लागलं.

कडप्पा हा चुनखडीचा दगड. केटलच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, त्यातही मुख्यतः तेच असतं: कॅल्शियम कार्बोनेट. अंड्याच्या टरफलावर चमचाभर व्हिनेगर ओतून बघा, बारीक बुडबुडे सुटतील. केटल साफ होते तीही अशीच आणि ओटा खाल्ला जातो तोही असाच. संगमरवराचंही तेच. म्हणून बाटली उघडण्याआधी दोन गोष्टी बघायची सवय लावा: डाग कशाचा आहे आणि तो कशावर बसलाय.

केटलसाठी व्हिनेगरसारखं दुसरं काही नाही. नळाला पाणी आलं नाही की आपण बोअरचं वापरतो आणि महिन्याभरात तळ पांढरा होतो. तरी इथेही चुका होतात. काही जण सुरीच्या टोकानं पापुद्रे खरवडतात, त्यानं स्टीलवर ओरखडे पडतात. काही जण काठोकाठ भरून उकळतात, मग फेस उतू जाऊन खालच्या प्लगपर्यंत पोचतो. थर बुडेल इतकंच, अर्धं पाणी आणि अर्धं पांढरं व्हिनेगर घाला. उकळी येईल असं वाटलं की बंद करा आणि वीस-तीस मिनिटं तसंच राहू द्या. झाकण उघडताना तोंड केटलवर धरू नका, वाफेनं डोळे चुरचुरतात. ओतून खळबळून घेतल्यावर दोनदा साधं पाणी उकळून टाकून द्या, नाहीतर पहिल्या चहाला आंबूस वास येतो. थर जाड असेल तर हेच परत करा. रात्रभर भिजत ठेवायची गरज नाही.

व्हिनेगर पांढरंच घ्या. दुकानात सिंथेटिक म्हणून मिळतं त्यात साधारण ४ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं, तेवढं पुरे. उसाचं किंवा सफरचंदाचं तपकिरी व्हिनेगर लोणच्याला ठेवा, त्याच्या रंगाचे डाग पडू शकतात. आणि ‘जास्त कडक’ म्हणून केमिकलच्या दुकानातून दाट अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणू नका. त्यानं कातडी भाजते.

सगळ्यात जास्त व्हिनेगर वाया जातं ते तेलकटावर. चिमणीच्या फिल्टरवर फवारायचं, पुसायचं आणि चिकटपणा तसाच. तेलकटाला साबण आणि कडकडीत पाणीच लागतं. स्टीलच्या फिल्टरला धुण्याचा सोडा चालतो. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर फक्त भांडी घासायचा साबण, कारण सोडाही अ‍ॅल्युमिनियमला खातो. मिक्सरच्या भांड्याचंही असंच. पांढऱ्या रश्श्याचं वाटण, खोबरं, तीळ, खसखस, सगळं तेलकट. चटणीचा लाल रंग तर तेलातच विरघळतो. आधी भांड्याला आणि झाकणाला गोडेतेलाचं बोट फिरवा, मग साबणानं धुवा. प्लॅस्टिकच्या झाकणावर हळद राहिली तर दिवसभर उन्हात ठेवा. वास मात्र राहिला असेल, तर शेवटी दोन चमचे व्हिनेगर पाण्यात मिसळून पाच मिनिटं ठेवलं की कमी होतो.

आता अ‍ॅल्युमिनियमचा कुकर. इडली-बटाटे उकडताना आत काळा पडतो, म्हणून जुन्या बायका तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटूक किंवा लिंबाची साल टाकायच्या. ते बरोबरच होतं. थोडं आम्ल, थोडा वेळ. चमचाभर व्हिनेगर घालून पाणी दहा मिनिटं उकळलं तर तेच काम होतं. पण शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “मी रातभर भरून ठिवलं, जरा जास्त चमकंल म्हणून.” सकाळी कुकरच्या तळाला सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडलेले. ते परत भरत नाहीत. बिडाचा तवा आणि लोखंडी विळी यांना तर व्हिनेगर दाखवूच नका. तव्यावर तेलानं धरलेला काळा थर निघून जातो आणि तासाभरात गंज चढतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकलं की फसफसतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण एक आम्ल, दुसरा अल्कली, दोघंही एकमेकांना मारतात. उरतं ते बहुतेक खारट पाणी. सिंकमधला कचरा त्या बुडबुड्यांनी जरा हलतो, एवढंच.

ब्लीचबरोबर मात्र गंमत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कितीतरी घरांत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आली आणि ती अजून कुणाच्या तरी कपाटात पडून आहे. ती किंवा बाटलीतलं ब्लीच व्हिनेगरला लागलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो छातीत बसतो. ब्लीच मारायचं असेल तर त्या दिवशी व्हिनेगर बाजूला. चुकून मिसळलंच तर आवरत बसू नका, खिडक्या उघडून बाहेर पडा.

रबराला व्हिनेगर वारंवार लावू नका. कुकरची रिंग, मिक्सरच्या झाकणाचं रबर, फ्रीजच्या दाराची पट्टी पुसायची असेल तर पाण्यात मिसळून पुसा, लगेच ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं. मटण आणलेल्या पिशवीतून फ्रीजमध्ये रक्त सांडलं असेल तर आधी साबण-गरम पाणी. व्हिनेगर जंतुनाशकाची जागा घेत नाही. प्युरिफायरमध्ये तर स्वतःच्या मनानं काहीच ओतू नका.

राहिला गॅसचा बर्नर. पितळी टोपण व्हिनेगरमध्ये तासन्‌तास बुडवलं की वरचा पिवळा रंग जाऊन ते गुलाबी दिसायला लागतं. पितळेतलं जस्त निघून गेल्याची ती खूण. पाच-दहा मिनिटं, मग जुन्या ब्रशनं घासणं, एवढंच करा. शेगडीतली नळी बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला भिजवूच नका. आणि धुतल्यावर ज्योत पिवळी, भुरभुरती येत असेल तर घाबरू नका. भोकात पाणी किंवा काजळी अडकलेली असते. टोपण उन्हात चांगलं वाळवा, एकेक भोक टाचणीनं मोकळं करा, ते नीट खाचेत बसवा. मग पेटवा. तरीही पिवळीच राहिली तर गॅस बंद करून मेकॅनिकला बोलवा.