सोयाबीनची फवारणी झाकणाने नको, गुंठ्याच्या हिशेबाने करा

आभाळ आठ दिवस गच्च आणि मधूनच उघडीप. सोयाबीनचं देठ-खोड पोखरणाऱ्या चक्रीभुंग्याला याहून चांगले दिवस नाहीत. आजच शेतात उतरा. एखादं तीन पानांचं देठ माना टाकलेलं दिसलं, तर ते हातात घ्या. देठावर थोड्या अंतरावर दोन गोल खाचा दिसतील. मादीने त्या दोन खाचांच्या मध्ये अंडी घातलेली असतात. खालच्या खाचेच्या खालून देठ मोडा आणि बांधाबाहेर नेऊन नष्ट करा. अळी खोडात शिरली की वरून कितीही मारा, हाती फार काही लागत नाही.

पण दरवर्षी मी पिकं जाताना बघतो ती भुंग्यापेक्षा झाकणामुळे. दुकानदार सांगतो, "पंपाला एक झाकण टाका." तुमचा पंप एकरात किती वेळा भरावा लागतो, हे तो विचारत नाही आणि आपणही मोजत नाही.

क्लोरअँट्रानिलिप्रोल 18.5 एससी या कीटकनाशकाची सोयाबीनला शिफारस हेक्टरी 150 मिली, 500 लिटर पाण्यात. म्हणजे एकरी 60 मिली, 200 लिटर पाण्यात. आता आपलं पाणी मोजा. 33 फूट बाय 33 फूट जागा दोरीने आखा, हा झाला एक गुंठा. पंपात मोजून 10 लिटर साधं पाणी भरा, नेहमीच्या चालीने गुंठा फवारा आणि उरलेलं मोजा. 7 उरलं तर गुंठ्याला 3 लिटर लागलं. एकरात 40 गुंठे, म्हणून:

क्ष = (म × ट) ÷ (40 × ग)

क्ष म्हणजे एका पंपाला टाकायचं औषध, म एकरी मात्रा मिलीत, ट टाकीचे लिटर, ग गुंठ्याला लागलेलं पाणी. 16 लिटरच्या पंपाला 60 × 16 ÷ (40 × 3) = 8 मिली.

झाकण 5 मिलीचं असेल, तर एकराला लागणाऱ्या साडेसात पंपांत जेमतेम 37.5 मिली पडतं. अळी मरत नाही, पैसे मात्र जातात. मग दुकानात "हे जुनं झालं, नवीन घ्या" ऐकावं लागतं, सोबत टॉनिक आणि चिकटद्रव्याच्या बाटल्या. औषध खोटं नव्हतं हो, हिशेब चुकला होता. नवी बाटली घेण्याआधी हा गुंठा मोजा, एवढं माझं ऐकाच.

तरीही औषध दाट करण्यापेक्षा चाल कमी करणं बरं. गुंठ्याला 5 लिटर पडू लागलं की शिफारशीएवढं पाणी होतं आणि क्ष येतो 4.8 मिली. पानाच्या मागची बाजूही तेव्हाच भिजते. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून त्याचा ग वेगळा मोजा. "तिप्पट टाका" म्हणून डोळे झाकून ओतू नका, एकरी मात्रा तीच राहते. 2017 मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना विषबाधेने माणसं गेली, ते विसरायला नको.

बाकीची कामं:
- कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) हेक्टरी 5
- 5 टक्के निंबोळी अर्क (100 लिटरला 5 किलो निंबोळी)
- साचलेलं पाणी चर काढून बाहेर
- हातमोजे, मास्क, वाऱ्याच्या दिशेने फवारणी
- फुलोऱ्यात फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर

माझा अंदाज असा, पुस्तकात शोधू नका: चिखलात पाय अडकतो, चाल मंदावते, ग वाढतो. नोझल झिजलं तरी वाढतो. पीक कमरेला लागलं की जुना आकडा उपयोगाचा नाही. क्ष पंपावर रंगाने लिहून ठेवा, शेजारी मोजल्याची तारीख. पुढच्या फवारणीआधी दोरी पुन्हा काढा.