ब्रॉयलरच्या खाद्यातलं क्षार-संतुलन: मीठ वाढवण्याआधी या चुका टाळा

ऊन तापायला लागलं की घरी खाद्य मिसळणारे पोल्ट्रीवाले हमखास विचारतात, "पक्षी धापा टाकतायत, मीठ थोडं वाढवू का?" माझं उत्तर दरवेळी 'नको' असंच असतं. का, ते सांगतो.

खाद्यातलं सोडियम आणि पोटॅशियम यांची बेरीज करायची, त्यातून क्लोराइड वजा करायचं. उरतं ते क्षार-संतुलन. हे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये मोजतात: सोडियमच्या टक्क्यांना ४३५ने, पोटॅशियमच्या टक्क्यांना २५६ने आणि क्लोराइडच्या टक्क्यांना २८२ने गुणायचं. फ्रेंच शास्त्रज्ञ मोंजिन यांनी १९८१ साली किलोमागे २५०च्या आसपासचा आकडा सुचवला. क्लोराइड जास्त होऊन हा आकडा फार खाली गेला, तर रक्त आम्लधर्मी होतं, वाढ खुंटते आणि पायाच्या हाडांत दोष दिसू लागतात.

मिलिइक्विव्हॅलंटच्या हिशोबाने मिठात सोडियम आणि क्लोराइड सारखेच असतात. एक जेवढं वाढतं तेवढंच दुसरं, त्यामुळे मीठ दुप्पट केलं तरी वरची वजाबाकी जागची हलत नाही. पक्षी पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते, शेडमध्ये अंथरलेली तुसाची गादी भिजते, अमोनिया सुटतो आणि तळपायाला जखमा होतात. आकडा खरंच वाढवायचा असेल, तर खायचा सोडा कामाला येतो, कारण त्यातून सोडियम मिळतं पण क्लोराइड नाही. टनाला २ किलो सोड्याने संतुलन साधारण २४ने वर जातं.

पण इथे दुसरी चूक होते. मीठ तेवढंच ठेवून वरून सोडा ओतला जातो, सोडियम गरजेपेक्षा जास्त होतं आणि गादी पुन्हा ओली. अदलाबदल करा: १ किलो मीठ कमी केलं, तर तेवढंच सोडियम भरून काढायला सुमारे १.४५ किलो सोडा लागतो. मीठ पूर्ण बंद मात्र करू नका. जठरातलं आम्ल क्लोराइडपासूनच बनतं, म्हणून एकूण क्लोराइड ०.२ टक्क्याच्या खाली जाऊ देऊ नये, लहान पिल्लांच्या खाद्यात तर नाहीच.

सर्वात जास्त फसवते ती सोया पेंडेतली कपात. भाव चढले की पेंड कमी करून मका वाढवतात आणि प्रथिनांची तूट लायसिन या अमिनो आम्लाने भरतात. हिशोब करून बघा. पेंडेत पोटॅशियम सुमारे २ टक्के, मक्यात जेमतेम ०.३. टनामागे ५० किलो पेंडेच्या जागी मका घातला, की संतुलन साधारण २२ने घसरतं. त्यात बाजारातलं नेहमीचं लायसिन हे हायड्रोक्लोराइड असतं, म्हणजे त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा भाग क्लोराइड. दीड किलो जादा घातलं तर आणखी ८ गेले. मिठाला हातही न लावता ३० कमी! कोलीन क्लोराइड (खाद्यात घालतात ते जीवनसत्त्वासारखं पूरक) आणि सुकी मासळी यांचाही हिशोब धरा. मासळीतलं मीठ तर प्रत्येक पोत्यात वेगळं निघू शकतं.

पाणी कुणी मोजतच नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट असतं. समजा लिटरमागे २०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पक्षी उन्हाळ्यात किलोभर खाद्यामागे ३ लिटर पाणी पितोय. म्हणजे पाण्यातूनच ०.०६ टक्के सोडियम आलं, गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. अशा ठिकाणी खाद्यात ठरलेलं मीठ पूर्ण घालणं मला चुकीचंच वाटतं. आधी पाण्याचा रिपोर्ट काढा.

धापांचं गणित वेगळं आहे. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, सोबत पोटॅशियमही जातं. सोडा म्हणजेही बायकार्बोनेटच, म्हणून तो धापांवरचं औषध नाही. पाण्यात मिसळायच्या इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांच्या पावडरीचा फायदा बराचसा पक्षी जास्त पाणी पितो यातूनच होतो. पत्र्यावरच्या टाकीत पाणी तापलेलं असेल, तर त्यात कितीही महाग पावडर घाला, पक्षी चोच लावून मागे सरतो. टाकीवर सावली करा, पाइपातलं गरम पाणी दुपारी सोडून द्या, मग पावडरीचा विचार. पावडर दिवसभर आणि रोज देऊ नका. साखर असलेल्या पावडरीने निपल लाइनमध्ये (पक्ष्यांना पाणी देणाऱ्या पाइपात) बुळबुळीत थर धरतो. सोडा आणि अ‍ॅसिडिफायर (पाणी आम्लधर्मी करणारं द्रव्य) एकाच पाण्यात घातले, तर दोन्ही वाया जातात. सोड्याने सामू वाढला की क्लोरीनचा जोरही कमी होतो.

२५० आकडा गाठला म्हणून निश्चिंत राहू नका. पोटॅशियम भरपूर आणि सोडियम तोकडं असलं तरी बेरीज तीच येते, पण पक्षी खाद्य कमी खातात, एकमेकांची पिसं टोचतात. स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या पहिल्या खाद्यात, सोडियम ०.२ टक्क्याच्या आसपास हवंच. उलट, गादी ओली दिसली की लगेच मिठाला दोष देण्याआधी निपलची उंची, गळती आणि कॉक्सिडिओसिस (आतड्याचा परजीवी रोग) तपासा.

करारावर पक्षी पाळणाऱ्यांच्या हातात खाद्य नसतं, पण पाणी असतं. बॅच टाकण्याआधी रिपोर्टमधले सोडियम-क्लोराइडचे आकडे सुपरवायझरला दाखवा आणि खाद्यातलं मीठ किती आहे ते विचारा.